डोकं मानेवर टेकतं तिथे



कवटी आणि कणा हा विषय एका संध्याकाळी संपणारा नाही. म्हणून मी आज मुक्काम एकाच ठिकाणी ठोकणार आहे : डोकं मानेवर टेकतं, त्या सांध्यावर. हाडांचा एक साधा व्यवहार आहे. जे हाड फार हलतं, ते आतल्या नाजूक वस्तूची राखण कमी करतं. कवटीने हालचाल सोडली आणि सुरक्षितता घेतली. कण्याला दोन्ही हवं होतं. त्याची सगळ्यात अवघड तडजोड या सांध्यावर झालेली आहे.

आधी कवटी. मोठ्या माणसाच्या कवटीत २२ हाडं असतात. ८ मेंदूभोवतीची आणि १४ चेहऱ्याची. त्यांतला हलतो तो फक्त खालचा जबडा. बाकीची हाडं दातेरी शिवणींनी एकमेकांत गुंतलेली. जन्मतः मात्र तसं नसतं. आजी तेल घालून ज्या मऊ जागेवर टाळू भरते, तिथे हाडं अजून मिळालेली नसतात. प्रसूतीच्या वेळी ती एकमेकांवर थोडी सरकू शकावीत आणि पुढे मेंदूला वाढायला वाव मिळावा, यासाठी ही सोय. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. ती तेलाने नव्हे, हाड वाढल्याने. जुलाबांनी बाळाच्या अंगातलं पाणी गेलं, की टाळू खोल जाते. मेंदूज्वरात ती फुगू शकते. तिथे हात रोज जातोच, नजरही जाऊ द्या.

आता कवटी उलटी करून पाहू. तळाशी एक मोठं भोक दिसतं. त्याचं नाव महारंध्र. मेंदूची मज्जारज्जू होते ती इथे. कुत्र्याच्या कवटीत हे भोक मागच्या अंगाला असतं, कारण त्याचा कणा आडवा. आपल्यात ते पार खाली आहे, कारण आपलं डोकं उभ्या कण्यावर तोललेलं. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाँग इथल्या चुनखडीच्या खाणीतून एका बालकाची अश्मीभूत कवटी रेमंड डार्ट या शरीररचनाशास्त्रज्ञाच्या हाती आली. मेंदू वानराएवढा, पण महारंध्र पुढे सरकलेलं. त्यावरून डार्टने १९२५ मध्ये मांडलं, की हा जीव दोन पायांवर चालत असावा. मोठा मेंदू आधी आणि उभं चालणं नंतर, असं मानणाऱ्या अनेक विद्वानांनी त्याला बरीच वर्षं दाद दिली नाही. पुढे सापडलेल्या जीवाश्मांनी निकाल डार्टच्या बाजूने दिला.

महारंध्राखाली मान सुरू होते. मानेत मणके ७. जिराफाच्या मानेतही ७च. पहिला मणका, ॲटलस, हे नुसतं कडं आहे. त्याच्यावर कवटी टेकते आणि आपण होकाराची मान हलवतो, ती प्रामुख्याने या सांध्यात. दुसरा मणका ॲक्सिस. त्याला वर एक दातासारखा सुळका असतो. जात्याच्या खालच्या दगडात मधोमध खुंटी असते आणि वरचा दगड तिच्याभोवती फिरतो, तसं ॲटलसचं कडं डोक्यासकट या सुळक्याभोवती फिरतं. मान डावी-उजवीकडे वळते, त्यातलं जवळजवळ अर्धं वळण या एकाच जोडीत होतं. गंमत अशी, की गर्भात हा सुळका ॲटलसच्याच वाट्याचा असतो. पुढे तो ॲक्सिसला जाऊन जडतो.

आता याची किंमत. कड्याच्या आतल्या जागेचे ढोबळ तीन भाग करा : एकात सुळका, एकात मज्जारज्जू आणि एक मोकळा. सुळक्याला जागेवर धरून ठेवतो तो एक आडवा अस्थिबंध. तो तुटला किंवा सैल पडला, की सुळका मज्जारज्जूवर येऊ शकतो. संधिवाताभ, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, बरीच वर्षं असलेल्या रुग्णाचा हा बंध सैल झालेला असू शकतो. म्हणून भूल देण्याआधी अशा रुग्णाच्या मानेचा एक्स-रे मागितला, तर तो खर्च वायफळ समजू नका. श्वासपटल हलवणारी नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंतून निघते. त्याच्या वर मज्जारज्जू पूर्ण चिरडली, तर हातपाय तर जातातच, श्वासही थांबतो.

खालच्या कण्याबद्दल थोडक्यात. मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपते. ‘सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली, तेव्हापासून भीती वाटते,’ असं आयाबाया सांगतात. ती सुई मज्जारज्जू संपते त्याच्या खाली देतात, रज्जूत नव्हे. मणक्यांमधल्या चकत्यांत स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. दिवसभराच्या भाराने त्यांतलं पाणी कमी होतं आणि रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. म्हणूनच सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते. चकतीचा गर बाहेर येऊन नस दाबतो आणि पायातून कळ जाते, हे मिक्स्टर आणि बार या दोघांनी १९३४ मध्ये अमेरिकेत ठामपणे मांडलं. तोवर या दुखण्याला नाना कारणं चिकटवली जात.

शेवटी, या माहितीचा रस्त्यावरचा उपयोग. मोटरसायकलवरून कोणी पडलं, की आपली माणसं धावून जातात. भावना चांगली असते, पण दोघं काखेत हात घालतात, तिसरा पाय धरतो आणि साडेचार-पाच किलोचं डोकं मागे लोंबतं. अपघातात मोडलेला पण अजून जागेवर असलेला मणका त्या क्षणी सरकू शकतो. तेव्हा आधी १०८ला फोन करा. जखमीला बसवू नका, पाणी पाजू नका. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरावं. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका. आग किंवा वाहनांचा धोका असल्यामुळे हलवावंच लागलं, तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून चौघांनी एकदम हलवा. मोडलेलं हाड शस्त्रक्रियेने जुळवता येतं. तुटलेली मज्जारज्जू पूर्ववत जोडण्याचा उपाय वैद्यकाकडे आजही नाही. म्हणून पहिली दहा मिनिटं डॉक्टरांची नसतात, तिथे उभ्या असलेल्यांची असतात.