गोमतीकाठची युद्धनौका
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



लखनौ शहरातून गोमती नदी वाहते. तेथून समुद्र शेकडो कोस दूर. तरीही या नदीच्या काठी एका युद्धनौकेची स्मृती जपण्याचे ठरले. ‘आयएनएस गोमती’ ही नौका २८ मे २०२२ रोजी मुंबईत, सूर्यास्तसमयी, चौतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाली. त्याच्या दोनच दिवस आधी लखनौत नौदल आणि उत्तर प्रदेश शासन यांच्यात करार झाला व तिच्यावरील युद्धसामग्री गोमतीकाठच्या खुल्या संग्रहालयात मांडण्याचे निश्चित झाले. जिचे नाव समुद्रावर मिरवले, त्या नदीच्या काठी तिला अखेरचा विसावा लाभावा, हे औचित्यपूर्णच होय.

संग्रहालयात शस्त्रे मांडता येतात. ती नौका बांधताना मिळालेली विद्या मात्र मांडता येत नाही. ती पुढच्या नौकेतच पाहावी लागते.

गोमतीचा जन्म मुंबईच्या माझगाव गोदीतला. १९६० मध्ये ही गोदी शासनाच्या मालकीची झाली. तेथे बांधलेली पहिली फ्रिगेट ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली. तिचा आराखडा ब्रिटिशांच्या ‘लिअँडर’ वर्गाचा होता. पाटीवर कित्ता गिरवावा, तसे ते काम होते. त्यात कमीपणा नव्हता. अक्षर गिरवूनच वळणदार होते. पुढे नौदलाच्या अभियंत्यांनी त्याच आराखड्याचा स्वतः विस्तार केला आणि १९८३ मध्ये ‘गोदावरी’ सेवेत दाखल झाली. दोन सी किंग हेलिकॉप्टरे वाहून नेणाऱ्या या नौकेवर रशियन, पाश्चात्त्य आणि भारतीय यंत्रणा एकत्र नांदवण्यात आल्या. याच वर्गातील तिसरी नौका म्हणजे १६ एप्रिल १९८८ रोजी दाखल झालेली गोमती. कित्ता संपून स्वतःची वाक्यरचना सुरू झाली होती.

स्वतंत्र निबंध लिहिला गेला तो ‘शिवालिक’ वर्गात. शिवालिक, सातपुडा आणि सह्याद्री या तीन पर्वतांची नावे धारण करणाऱ्या नौका माझगावातच घडल्या. भारतात बांधलेल्या या पहिल्या स्टेल्थ फ्रिगेट्स. स्टेल्थ म्हणजे अदृश्य होणे नव्हे; शत्रूला आपला माग लागणे कठीण करणे. नौकेच्या भिंती तिरप्या ठेवल्या की रडारच्या लहरी आल्या वाटेने न परतता भलतीकडे वळतात. धुराड्यातील ऊन वायू थंड करून सोडले की उष्णता टिपणाऱ्या यंत्रांना खूण कमी मिळते. यंत्रे धक्के शोषणाऱ्या आधारांवर बसवली की त्यांचा आवाज पाण्यात कमी उतरतो आणि पाणबुडीला चाहूल लागत नाही.

हा निबंध सुखासुखी पुरा झाला नाही. शिवालिकचा तळकणा २००१ मध्ये बसवला गेला, जलावतरण २००३ मध्ये झाले. पण नौदलात ती आली २९ एप्रिल २०१० रोजी. बांधणीसाठी लागणारे विशेष पोलाद रशियातून वेळेवर येईना. अखेर स्टील ॲथॉरिटी ऑफ इंडियाने ते देशातच तयार केले. आराखडा आपला, कारागीर आपले. तरी पोलाद परक्याचे असेल तर गोदीतले काम खोळंबते, हा धडा त्या विलंबाने दिला. विलंबाची किंमत मोठी होती. पण ती मोजून मिळालेले पोलादाचे ज्ञान देशाकडे राहिले.

शिवालिकचीच पुढची पिढी म्हणजे नवी ‘निलगिरी’. २०१७ च्या डिसेंबरात तळकणा, १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात प्रवेश. या वर्गाच्या सात नौकांपैकी चार माझगावच्या, तीन कोलकात्याच्या. नौकेचे खंड आधी नळ व तारांसह बरेचसे सज्ज करून मग जोडण्याची पद्धत येथे अवलंबिली गेली. जुन्या नौकेचे नाव नव्या नौकेस देण्याची नौदलाची प्रथा आहे. १९७२ ची निलगिरी इंग्रजी कित्ता होता. २०२५ ची निलगिरी नौदलाच्या स्वतःच्या आराखडाकारांची कृती आहे. नाव तेच, हस्ताक्षर मात्र आपले.

अर्थात अभ्यास संपलेला नाही. तिला वेग देणाऱ्या गॅस टर्बाइनचे तंत्र आजही अमेरिकन कंपनीचे आहे. अभिमान बाळगताना ही उणीव झाकू नये. शिवालिकच्या पोलादाची उणीव झाकली असती, तर ती भरूनही निघाली नसती.

शाळेच्या साठ वर्षांचा हिशेबही असाच मांडावा लागतो. इमारत जुनी होते, शिक्षक निवृत्त होतात, फळ्यावरचे अक्षर दुसऱ्या दिवशी पुसले जाते. जे टिकते ते विद्यार्थ्याच्या हाती. लखनौला जाणे झाले, तर पालकांनी मुलांना गोमतीकाठी अवश्य न्यावे, आणि त्यांना हे सांगावे, की ही नौका निवृत्त झाली; पण ती बांधताना शिकलेली विद्या आजही माझगावच्या गोदीत कामावर आहे.