मुलांना खेळवत ठेवू नका, त्यांच्याकडे काही मागा

(किन्हीराजा येथे पालक, संडे स्कूलचे शिक्षक व मदतनीस मंडळी यांच्या सभेत केलेले भाषण)



आज मालेगाव, वाशीम, अकोला इथून आणि त्याहून दुरूनही आपण आलात. आमच्या किशोरवयीन मुलांच्या कामासाठी आपण प्रार्थना करता, पैसे पाठवता. म्हणून मला सांगण्यात आले की, ताई, या कामाचा अहवाल द्या. अहवाल मी देणार आहे, पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

पाच वर्षे आम्ही दर महिन्याला तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींची सभा भरवत होतो. सकाळी गाणी, मग खेळ, मग पंधरा मिनिटांचे वचन, प्रश्नमंजूषा, बक्षिसे आणि शेवटी पोहे-चहा. स्पीकर भाड्याने आणत असू. चाळीसच्या वर मुले येत. फोटो चांगले निघत आणि ते आपल्या त्रैमासिकात छापलेही गेले. आपण ते पाहिले असतील.

एकदा सभा संपल्यावर मी सतरंज्या गोळा करत होते. आंध समाजाच्या एका घरातला नववीतला मुलगा मदतीला थांबला होता. तो मला म्हणाला, "ताई, तुमी आमाले नुसतं खेळवता. काई काम काऊन नाई देत?" मी हसले. "पुढच्या वेळी देऊ हं," म्हणाले आणि विसरले.

दसरा झाला. पुढच्या सभेत मी प्रश्नमंजूषेचे बक्षीस द्यायला त्याचे नाव पुकारले. कोणी उठेना. मग मागून एक मुलगी म्हणाली, "तो त गेला ऊसतोडीले." आईवडिलांबरोबर, शाळा सोडून. मला पत्ताच नव्हता. माझ्या वहीत त्याचे गुण लिहिलेले होते, पण तो गावात आहे की नाही हे लिहिलेले नव्हते. ते बक्षीस, एक पाण्याची बाटली, अजून माझ्या कपाटात आहे.

त्या रात्री मी स्वतःला विचारले, या मुलांना आम्ही काय समजत आलो?

आपल्याकडची मुले पाहा. पंधराव्या वर्षी मुलगा सोयाबीनच्या सोंगणीला पूर्ण माणसाची रोजी मागतो. चौदा वर्षांची मुलगी पहाटे पाणी भरते, भाकरी टाकते, धाकट्याला कडेवर घेते आणि मग दप्तर उचलते. कापूस वेचणीच्या दिवसांत घराची चूल तिच्याच भरवशावर असते. घरात ही मुले कर्ती माणसे आहेत. मंडळीत आली की मात्र आम्ही त्यांना फुगे फोडायला लावतो. घर त्यांच्यावर विश्वास ठेवते आणि मंडळी त्यांची करमणूक करते. मग त्यांनी आपल्या विश्वासाला कुठे ठेवावे? करमणुकीच्याच खणात. उद्या मोबाइलवर आमच्याहून चांगली करमणूक मिळाली की तो खण रिकामा होतो.

पवित्र शास्त्रात मला असे कुठे दिसत नाही. बाल शमुवेलाला देवाने हाक मारली, तेव्हा दिलेला निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. सकाळी एलीने त्या लहानग्याला सांभाळून घेतले नाही, काही लपवू नकोस, सगळे सांग असे बजावले. पोराला केवढे कठीण काम! पण त्याच सकाळी शमुवेल संदेष्टा झाला. योहानाच्या सहाव्या अध्यायातल्या मुलाला पाच भाकरी आणि दोन मासळ्या परत मिळाल्या नाहीत. त्याचे होते तेच मागून घेतले गेले. मार्काच्या दहाव्या अध्यायात धनवान माणूस येतो. प्रभूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असे तिथे लिहिले आहे आणि लगेच त्याच्याकडे सर्वांत अवघड गोष्ट मागितली. तो खिन्न होऊन निघून गेला. प्रभूने मागे धावत जाऊन मागणी कमी केली नाही. हा भाग मी पदविकेच्या वर्गात अभ्यासला होता, परीक्षेत लिहिलाही होता. त्याचा अर्थ मला त्या रिकाम्या जागेकडे पाहून कळला.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीत याचे मोठे उदाहरण आहे ते केडगावच्या मुक्ती मिशनचे. पंडिता रमाबाई स्वतः सोळा वर्षांच्या असताना १८७४ च्या सुमारास उपासमारीत त्यांचे आईवडील गेले. भावाबरोबर त्या पायी देशभर फिरल्या. म्हणून १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, अनाथ मुली आणि तरुण विधवा केडगावला आणल्या. या मुली अशा अवस्थेत होत्या की त्यांना नुसते जेवू घालून, गोंजारून ठेवले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. रमाबाईंनी तसे केले नाही. मुली शेतात राबल्या, विणायला शिकल्या, शिकून दुसऱ्यांना शिकवू लागल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. छापखाना आला तेव्हा मुलीच खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी खेड्यातल्या बायाबापड्यांना समजेल असे बायबलचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून केले, ते याच ठिकाणी छापले गेले. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी मुलींना विचारले, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? पहिल्यांदा ७० जणी उभ्या राहिल्या. काही महिन्यांत ती संख्या ५५० च्या आसपास गेली. मग त्यांनी विचारले, भोवतालच्या गावांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? ३० तरुण मुली पुढे आल्या. मुक्तीमधल्या संजीवनाविषयी आपण नेहमी बोलतो. पण त्याच्या आधी एका बाईने मुलींकडे काहीतरी मागितले होते, हे आपण विसरतो.

दूरदेशीही हेच दिसते. अमेरिकेतील पोर्टलँड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी २ फेब्रुवारी १८८१ रोजी तरुणांसाठी ख्रिश्चन एन्डेव्हर संघ काढला. त्यात सभासदाला लेखी वचन द्यावे लागे: रोज प्रार्थना करीन, रोज शास्त्र वाचीन, सभेत गप्प बसणार नाही, काही ना काही भाग घेईन. एवढी कडक अट पाहून मुले पळतील असे वाटेल. पण तो संघ देशोदेशी पसरला आणि आपल्या देशातही आला.

आता अहवाल. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही मुलांना बसवून सरळ सांगितले की स्पीकर बंद, बक्षिसे बंद. ज्याला यायचे त्याने तीन कामे घ्यायची.

पहिले काम वहीचे. आपल्या वस्तीतले कोणते लेकरू ऊसतोडीला, वीटभट्टीला चालले आहे, कधी गेले, कधी परतले, हे लिहून ठेवायचे आणि शाळेत गुरुजींना सांगायचे. बाहेरगावच्या शाळेत बसता यावे म्हणून अशा मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळू शकते, पण ते मागणारे कोणी लागते. दुसरे काम, आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर लहान मुलांना वाचायला बसवायचे. कुठल्याही धर्माचे, कुठल्याही घरचे लेकरू चालेल. तिसरे, वस्तीतले एक म्हातारे माणूस आपले धरायचे. पाणी आणून द्यायचे, दवाखान्यात सोबत जायचे, कागद वाचून दाखवायचे. आणि महिन्याच्या सभेत शुभवर्तमानाचा नेमलेला अध्याय घरी वाचून एक खरा प्रश्न घेऊन यायचा. उत्तर पाठ करून आलेले चालणार नाही.

पुढच्या महिन्यात ४३ पैकी ११ मुले आली.

मी घाबरले होते, खोटे कशाला बोलू? फोटोत काय दाखवणार, आपणा सर्वांना काय लिहिणार, हाच पहिला विचार मनात आला. आज ती संख्या १७ आहे. चाळीस नाही आणि होईल असे वचनही मी देत नाही.

तो ऊसतोडीला गेलेला मुलगा उन्हाळ्यात परतला. त्याचे वर्ष वाया गेले होते. मी त्याची माफी मागितली. तो लाजला आणि म्हणाला, "जाऊ द्या ताई. आता काम द्या." वही त्याच्याकडे दिली. त्या वर्षी आईवडील पुन्हा गेले, पण तो आजीजवळ राहिला आणि परत नववीला बसला. दसऱ्याआधी तो सहा मुलांची नावे घेऊन मुख्याध्यापकांकडे गेला. सहाही कार्डे मिळाली. त्यांपैकी दोघेच तिकडच्या शाळेत बसले, चौघे बसले नाहीत. त्याने वहीत ते तसेच लिहिले आहे. मला त्या चार नावांचे दुःख आहे, पण पूर्वी ती नावे कोणाला माहीतही नसायची.

आमच्या हातून चूकही झाली, ती सांगते. एक पंधरा वर्षांची मुलगी तीन आठवड्यांनी रडत आली, म्हणाली, "ताई, माह्याकडून नाई होत." चौकशी केली तेव्हा कळले, घरात आई आजारी, सगळे हिच्यावर. तिच्यावर आम्ही आणखी एक म्हातारी सोपवली होती! तिच्या बाबतीत काम मागण्याची पाळी तिच्या वडिलांची आणि भावाची होती. पाळक आणि मी त्यांच्याकडे गेलो. आता पाणी भाऊ भरतो, ती वाचनवर्ग घेते. तेव्हापासून काम देण्याआधी आम्ही विचारतो, घरी तुझ्यावर काय काय आहे? मुलाला आव्हान द्यायचे तर आधी त्याचे ओझे माहीत हवे. घरच्यांची संमती हवी आणि प्रत्येक कामात एक मोठे माणूस सोबत हवे. मुलांना एकटे पाठवून आपण सभागृहात चहा घेत बसायचे, असे होता कामा नये.

आणि खेळाला मी पाप म्हणत नाही. सभा संपली की पोरे फुटबॉल घेऊन पळतात, पळू द्या. दमलेल्या माणसाचा खेळ वेगळाच रंगतो.

आता मलाही आपल्याकडे काही मागायचे आहे. मुलांकडे मागायचे आणि मोठ्यांना नुसते धन्यवाद द्यायचे, हे बरे नाही.

एक, आम्हाला पहिला प्रश्न 'किती आले' असा विचारू नका. 'कोण काय करतो' असे विचारा. आपण आकडा विचारलात की आम्ही आकडा जमवायला लागतो आणि मग पुन्हा स्पीकर येतो.

दोन, जे पैसे स्पीकर आणि बक्षिसांना जात होते ते वाचनवर्गाचे दिवे, वह्या, गोष्टींची पुस्तके आणि दवाखान्याच्या जाण्यायेण्याला जाऊ द्या.

तीन, आपल्या शहरांतल्या मंडळ्यांतही मुले आहेत. त्यांना शेवटच्या बाकावर मोबाइल घेऊन बसू देऊ नका. त्यांच्या हाती मंडळीतले एखादे खरे काम द्या, असे की त्यांनी ते केले नाही तर अडेल. ती चुकतील. पौलाने तीमथ्याला तरुण म्हणून मागे ठेवले नाही, इफिसच्या मंडळीची जबाबदारी दिली आणि पत्रे लिहून पाठीशी राहिला. आपणही दोन्ही करू या.

उद्या सभा आहे. ११ येतील, १७ येतील, प्रभू जाणे. जे येतील त्यांच्या हाती वही असेल. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि जे चार शाळेत बसले नाहीत त्यांच्यासाठीही.

प्रभू आपणांस आशीर्वादित करो. आमेन.