चाळणीत अडकलेले पत्र

महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या शहरातील जुन्या मराठी वाचनालयाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. भिंतीलगत ग्रंथांची कपाटे, मधोमध वर्तमानपत्रांचे लांब टेबल आणि कोपऱ्यात एक संगणक. चिटणीस रोज संध्याकाळी येतात आणि संगणकावरील थंडरबर्ड या प्रोग्रॅममध्ये वाचनालयाचे ईमेल पाहतात. त्यांना जाहिरातींचा उपद्रव फार. कोणी न मागता कर्ज देऊ करतो, कोणी न काढलेल्या लॉटरीचे बक्षीस कळवितो. कंटाळून त्यांनी असे टपाल वेगळे काढणारी चाळणी सुरू केली. उपद्रव उणावला आणि चिटणीस निश्चिंत झाले.

अशात एका वृद्ध बाईंचे पत्र येते. पती निवर्तले आहेत, घर सोडून मुलाकडे जावयाचे आहे. घरात ६०० मराठी ग्रंथ आहेत, ते वाचनालयास विनामूल्य द्यावयाचे आहेत. १५ दिवसांत घर रिकामे करावयाचे असल्याने त्वरित कळवावे, अशी विनंती आहे. बाईंचा पत्ता वाचनालयाच्या परिचयाचा नाही. 'विनामूल्य' आणि 'त्वरित' हे दोन शब्द चाळणीने आजवर जाहिरातींतच पाहिलेले. ती पत्र मुकाट्याने रद्दीच्या कप्प्यात टाकते. बाई वाट पाहतात, आणि सोळाव्या दिवशी ग्रंथ रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढतात. आधी पत्र रद्दीत गेले, मागोमाग ग्रंथ गेले.

हे चित्र कल्पनेतले खरे; परंतु ज्या दोषांमुळे ते घडू शकते ते कल्पनेतले नाहीत. चाळणी बिघडली असे लोक सरसकट म्हणतात. वस्तुतः बिघाड यंत्रात क्वचितच असतो. तो बहुधा शिकवणीत असतो, दोन चाळण्यांच्या दुहेरी कारभारात असतो, नाही तर अस्थानी ठेवलेल्या विश्वासात असतो. यांपैकी नेमका कोणता, हे ओळखणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

या उपद्रवाचा इतिहास जवळजवळ ईमेलइतकाच जुना म्हणावा लागेल. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत अर्पानेट या संगणकजालावरून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या वतीने सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडण्यात आली. तीच या जातीची पहिली मानली जाते. आरंभी तिच्यावर इलाज साधा होता: अमुक शब्द दिसला की पत्र अडवावे. परंतु जाहिरातदार शब्दाचे एक अक्षर बदलीत आणि पत्र सुटून जाई. उलट तोच शब्द एखाद्या सज्जनाने वापरला की त्याचे पत्र अडकून पडे. पुढे १९९८ साली काही संशोधकांनी संभवगणिताचा आधार घेऊन चाळणी करण्याची पद्धत मांडली. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या निबंधाने ती पद्धत सर्वतोमुखी केली. मार्च २००३ मध्ये ती मोझिला या प्रोग्रॅममध्ये आली, आणि त्याच कुळातील थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातही ती होती. गणित मात्र याहून पुष्कळ जुने आहे. टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा त्यावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, छापला गेला होता.

हे गणित एका उदाहरणाने उमगेल. समजा, चाळणीला २०० रद्दी पत्रे आणि २०० चांगली पत्रे दाखविली. 'विनामूल्य' हा शब्द रद्दी पत्रांपैकी ३८ पत्रांत आढळला आणि चांगल्यांपैकी २ पत्रांत. तेव्हा ज्या पत्रात हा शब्द आहे ते रद्दी असण्याचा संभव ४० पैकी ३८, म्हणजे शेकडा ९५. आता 'ग्रंथ' हा शब्द याच्या नेमका उलट, चांगल्या ३८ पत्रांत आणि रद्दीतील केवळ २ पत्रांत आला असेल, तर त्याची साक्ष शेकडा ५ इतकीच भरते. दोन्ही शब्द एकाच पत्रात आले तर साक्षी परस्परांना तोलून धरतात आणि पारडे मध्यावर, शेकडा ५० वर, थांबते. प्रत्यक्षातला हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो आणि त्यात पत्रातील अनेक शब्दांच्या साक्षी घेतल्या जातात. पण तत्त्व हेच. थंडरबर्डमध्ये मूळची मर्यादा शेकडा ९० आहे. तेथवर पारडे गेले तरच पत्र रद्दी ठरते.

म्हणजे बाईंच्या पत्राचा घात 'विनामूल्य' या शब्दाने एकट्याने केला नाही. 'ग्रंथ', 'वाचनालय', 'सभासद' हे शब्द त्या पत्राच्या बाजूने साक्ष देऊ शकले असते; पण त्यांची ओळख चाळणीला कोणी करून दिलीच नव्हती. न पाहिलेला शब्द कोणत्याच बाजूने बोलत नाही. चिटणिसांनी जाहिरातींवर रद्दीची खूण इमानेइतबारे केली होती. चांगल्या पत्रांवर 'हे रद्दी नव्हे' अशी खूण मात्र एकदाही केली नव्हती. ज्या शिष्याला केवळ चोर दाखविले, त्याला दारी आलेला प्रत्येक अनोळखी इसम चोर वाटला तर नवल ते काय?

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे. असल्या चाळणीला व्याकरण ठाऊक नसते. 'ग्रंथ', 'ग्रंथांचा' आणि 'ग्रंथालयास' यांचे नाते मराठी वाचकाला सहज कळते. चाळणीच्या लेखी ती निरनिराळी चिन्हे आहेत. विभक्तीच्या प्रत्ययांमुळे एकेका शब्दाची अनेक रूपे होणाऱ्या भाषेत चांगल्या पत्रांचे नमुने अधिक दाखवावे लागतात.

आता तपासणीच्या क्रमाकडे वळावे. पत्र हरवल्याची शंका आली की पहिला प्रश्न असा: ते अडविले कोणी? चाळण्या बहुधा दोन असतात. एक ईमेलची सेवा देणाऱ्याच्या दूरच्या सर्व्हरवर आणि दुसरी घरच्या संगणकावर. थंडरबर्डने पत्रास स्वतः रद्दी ठरविले असेल तर ते उघडताच वर तशी सूचना देणारी पट्टी दिसते आणि तिच्यावरच 'रद्दी नव्हे' असे सांगण्याचे बटण असते. पट्टी नसूनही पत्र रद्दीच्या कप्प्यात असेल तर संशय सर्व्हरवर, अथवा कोणी पूर्वी करून ठेवलेल्या एखाद्या नियमावर घ्यावा.

येथे आणखी एक मेख आहे. खाते आयमॅप पद्धतीचे असेल तर सर्व्हरवरील रद्दीचा कप्पाही संगणकावर पाहता येतो. पॉप पद्धतीत मात्र केवळ मुख्य टपालपेटी उतरवून घेतली जाते. सर्व्हरने अडविलेले पत्र तेथेच पडून राहते आणि घरच्या संगणकावर कितीही शोधले तरी सापडत नाही. अशा वेळी ब्राउझरमधून सर्व्हरवरील खाते उघडून तेथील कप्पा पाहण्यावाचून गत्यंतर नाही. सर्व्हरच्या चुकीबद्दल थंडरबर्डला दोष देणे म्हणजे टपाल कचेरीत अडकलेल्या पत्राचा जाब घरच्या गड्याला विचारणे होय. खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'सर्व्हरच्या निर्णयावर विश्वास ठेवावा' अशा आशयाचाही एक पर्याय असतो. तो निवडलेला असल्यास सर्व्हरने रद्दीचा शिक्का मारलेले पत्र येथेही रद्दीच ठरते.

दोष घरच्या चाळणीचा आहे असे ठरले, तर उपाय शिकवणीचा. कळफलकावरील 'जे' ही कळ दाबली की निवडलेल्या पत्रावर रद्दीची खूण होते. शिफ्टसह तीच कळ दाबली की 'रद्दी नव्हे' अशी होते. पुष्कळ लोक चुकून अडकलेले पत्र नुसते ओढून मुख्य पेटीत आणतात आणि काम झाले असे मानतात. पत्र परत आले हे खरे, पण थंडरबर्डची चाळणी त्यातून काही शिकली नाही. पुढच्या खेपेस ती तीच चूक करील. शिवाय आपणच मागविलेल्या मासिकाच्या किंवा दुकानाच्या पत्रांचा कंटाळा आला म्हणून त्यांवर रद्दीची खूण करू नये. ती रीतसर बंद करावीत. 'पुस्तक', 'अंक', 'वर्गणी' या शब्दांना रद्दीच्या यादीत बसविले, तर वाचनालयाची चाळणी वाचनालयाच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागते. एका प्रोफाइलमधील सर्व खात्यांची शिकवण एकाच फाइलीत साठते, हेही ध्यानात ठेवावे. चिटणिसांनी आपल्या खासगी खात्यात केलेल्या खुणांचा परिणाम म्हणूनच वाचनालयाच्या खात्यावर होतो.

संगणक नवा घेतला आणि जुने प्रोफाइल बरोबर आणले नाही, तर हे शिक्षण मागेच राहते व चाळणी पुन्हा कोरी होते. काही वेळा मात्र कोरी पाटी हेच औषध ठरते. वर्षानुवर्षे अनेक हातांनी उलटसुलट खुणा केल्या असतील, तर सेटिंग्जमधील सोयीने सर्व शिकवण पुसून टाकावी आणि दोन्ही जातींची पत्रे दाखवून नव्याने आरंभ करावा.

उलट तक्रारही ऐकू येते: उघड उघड रद्दी असलेली पत्रे सुटून आत येतात. तेथे अस्थानी विश्वासाचा शोध घ्यावा. पत्ते-पुस्तिकेतील माणसांची पत्रे रद्दी ठरवू नयेत, असा एक उपयुक्त पर्याय थंडरबर्डमध्ये आहे. परंतु ईमेल धाडण्याचे मूळचे नियम, जे १९८२ साली प्रसिद्ध झाले, त्यांत प्रेषकाचे नाव खरे की खोटे हे पडताळण्याची तरतूद नव्हती. त्यासाठीचे पडताळे मागाहून जोडले गेले आणि ते सर्वत्र सारखे पाळले जात नाहीत. भामटे कित्येकदा घेणाऱ्याचाच पत्ता प्रेषक म्हणून लिहितात. स्वतःचा पत्ता स्वतःच्या पुस्तिकेत असला, तर असे पत्र काही वेळा घरच्या माणसाच्या ऐटीत आत येऊ शकते. म्हणून तो पत्ता पुस्तिकेतून काढावा.

सर्वांत मोठी खबरदारी रद्दीच्या कप्प्याबाबत घ्यावयाची. ठराविक दिवसांनी तो आपोआप रिकामा व्हावा, अशी सोय सेटिंग्जमध्ये आहे आणि तिच्या रकान्यात १४ हा आकडा आधीच भरलेला असतो. रद्दी पत्रांवर 'वाचले' अशी खूण आपोआप व्हावी, अशीही सोय आहे. दोन्ही एकत्र सुरू केल्या, तर न वाचलेले पत्र वाचलेले दिसते आणि दोन आठवड्यांत नाहीसे होते. मागे पुरावाही उरत नाही. चाळणीचा भरवसा वाटेपर्यंत या दोन्ही सोयी बंद ठेवणेच शहाणपणाचे.

चाळणीच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. त्यांची किंमत मात्र सारखी नाही. दहा जाहिराती आत आल्या तर क्षणभराचा वैताग होतो. एक खरे पत्र बाहेर राहिले तर नोकरीची मुलाखत, इस्पितळातील तारीख किंवा एखाद्याचा जन्मभराचा ग्रंथसंग्रह हातचा जातो. जाहिराती आत आल्या की लगेच दिसतात. खरे पत्र बाहेर राहिले तर ते कोणाला कळतही नाही. न आलेल्या पत्राची तक्रार कोण करणार? बाईंना वाटले, वाचनालयाला ग्रंथ नको आहेत. चिटणिसांना काही वाटण्याचा प्रश्नच आला नाही.

यावर उपाय फार थोड्या कष्टांचा आहे. आठवड्यातून एक वार ठरवावा. त्या दिवशी दोन्ही ठिकाणचे रद्दीचे कप्पे उघडून प्रेषकांची नावे आणि विषय यांवरून नजर फिरवावी. चांगले दिसेल त्यावर तशी खूण करावी आणि त्याच बैठकीत उत्तर लिहावे. पाच-दहा मिनिटांचे काम. त्या वाचनालयात ते दर सोमवारी होत असते, तर बाईंचे पत्र फार तर आठव्या दिवशी हाती पडले असते, आणि ग्रंथ आणावयास टेम्पो पाठविण्यास आणखी आठवडा उरला असता.