उरलेल्या सहा कॅप्सूल
(न्यासाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



औषधाविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. आम्ही पडलो मास्तर. परंतु आमच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली, ती आपणांपुढे मांडावी म्हणून उभे आहोत.

सन 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ उठली तेव्हा आम्ही शाळकरी होतो. नंदुरबार-जळगावकडच्या गाड्या माणसांनी ओसंडत होत्या आणि दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेनासे झाले होते. ज्याला मिळाले त्याने साठवले. ‘गोळी घरात असावी’ ही समजूत तेव्हापासून आम्हां सुरतकरांच्या अंगी मुरली. पुढे 2009 साली स्वाइन फ्लू आला. ऑगस्टात पुण्यात देशातील पहिला बळी गेला, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, आणि ‘टॅमीफ्लू’ हे नाव घरोघरी पोचले. त्या औषधाचे मूळ नाव ओसेल्टामिविर. टेट्रासायक्लिन जिवाणूंवर चालते, हे फ्लूच्या विषाणूवर. एकाचे काम दुसरे करीत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हांस फ्लू झाला. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एक, अशा पाच दिवसांच्या दहा कॅप्सूल लिहून दिल्या. दोन दिवसांत ताप उतरला आणि आम्ही, पदवीधर व प्रशिक्षित शिक्षक असूनही, उरलेल्या सहा कपाटात ठेवून दिल्या. पुढल्या वर्षी पावसाळा सरता सरता धाकट्याला ताप भरला. अम्मी म्हणाली, “अरे, तुझ्या त्या गोळ्या आहेत ना?” आम्ही त्या काढल्याही. पाण्याचा पेला हातात असताना मुलाची आई म्हणाली, “अहो, आधी डॉक्टरांना दाखवू या.” रक्त तपासले, तो मलेरिया! कॅप्सूल दिली असती, तर औषध चालू आहे या समाधानात आम्ही दोन दिवस स्वस्थ बसलो असतो.

डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी आम्हांलाच विद्यार्थी केले. मुलाला मोठ्यांची कॅप्सूल देता येत नाही, मात्रा वजनावर ठरते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती कमी करावी लागते. औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी. धडधाकट माणसाचा आजार त्याने सुमारे एक दिवसच आटोपतो. मात्र गरोदर स्त्री, वृद्ध, लहान बालक, दमेकरी किंवा मधुमेही यांनी फ्लूची शंका येताच डॉक्टर गाठावा. उशीर झाला म्हणून घरी थांबू नये. मळमळ, उलटी होते, ती जेवणानंतर घेतल्यास कमी होते. परंतु अंगावर पुरळ उठले, चेहरा सुजला किंवा रोगी भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर तत्काळ कळवावे. श्वास लागल्यास थेट रुग्णालयात न्यावे. ताप उतरला तरी दिलेले दिवस पुरे करावेत. आणि लसीची जागा ही कॅप्सूल घेत नाही; ती लस दरवर्षी घ्यावी लागते.

त्या सहा कॅप्सूल आम्ही डॉक्टरांच्याच टेबलावर ठेवून आलो. अम्मी अजून म्हणते, “दोन तरी ठेवायच्या होत्यास.”