शांतता समितीच्या बाहेर

(बीड येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना मघाशी 'शांतता समितीचे जुने सदस्य' असं सांगण्यात आलं. ते खरं आहे. सण जवळ आला की ठाण्यातून फोन येतो. आम्ही जातो, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतो. चहा-बिस्किटं होतात, साहेब बोलतात, पुढारी बोलतात. मग आमच्यातला एखादा बुजुर्ग उठून गंगा-जमनी तहजीब सांगतो. फोटो निघतो, तो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. तुमच्या वडिलांपैकी काहीजण त्या फोटोत असतील.

इतक्या वर्षांत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी का येतं, यावर बोलायला मला कुणी बोलावलं नाही. आणि मीही कधी आपणहून गेलो नाही. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

2023 आठवा. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली होती. राज्यात अनेक शहरांमध्ये मुसलमानांनी आपला जुलूस पुढे ढकलला, आणि ते चांगलंच झालं. सगळ्यांचं लक्ष त्या एका दिवसावर होतं. तो दिवस पार पडला, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर एक महिना दोन दिवसांनी, 30 ऑक्टोबरला, माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर पेटलं. त्याच दिवशी बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचं घर जळालं. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचं उपोषण चालू होतं, आरक्षणाचा प्रश्न तापलेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण आपल्याकडे तणाव म्हणजे मंदिर-मशीद, गणपती-ताजिया, एवढंच धरून चालण्याची सवय. आग दुसरीकडून आली.

त्या संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यात काय बोललं गेलं, ते मी इथे सांगतो, कारण ते मीच बोललो होतो. "अपना झगडा नई है. शटर गिराओ, घर चलो." माझ्या मुलाला मी दारात उभं राहू दिलं नाही. मनात थोडं बरंही वाटलं, हे कबूल करतो. शहर पेटलं होतं आणि या वेळी नाव आपलं नव्हतं.

मुलाला घरात ठेवलं, ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. पेटलेल्या गर्दीत आपल्या पोरांनी जायचं नसतं. बघायला म्हणून उभा राहिला तरी कुणाचं नाव आधी लिहिलं जातं, ते तुम्हाला माहीत आहे. चूक पुढे झाली. आग विझल्यावरही आपण शटर उघडलंच नाही. दुकानाचं उघडलं, म्हणा. मी दुसऱ्या शटरबद्दल बोलतोय.

पुढच्या वर्षी लोकसभा झाली. बजरंग सोनवणे 6,553 मतांनी निवडून आले, पंकजा मुंडे पडल्या. निकालानंतर मराठा आणि वंजारी समाजातली कटुता गावागावात उतरली. मोबाईलवरून विष पसरलं. अमक्याच्या दुकानातून सामान घेऊ नका, अशी भाषा सुरू झाली. ही भाषा आपण चांगली ओळखतो, ती आपल्याविरुद्ध वापरली गेली आहे. ती ऐकणाऱ्याच्या घरी त्या रात्री काय होतं, हे सांगायचा अधिकार या जिल्ह्यात आपल्याइतका कुणाला होता? आपण म्हणालो, अपना झगडा नई है.

मग मस्साजोग. पवनऊर्जा प्रकल्पाच्या सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. 9 डिसेंबर 2024 ला त्यांचं अपहरण करून त्यांना मारण्यात आलं. आरोपपत्रात मूळ कारण दोन कोटींची खंडणी असं सांगितलं आहे. खंडणी मागणारा दुकानदाराची जात बघत नाही. पण महिनाभरात त्या खुनाचीही जातीत वाटणी करायचे प्रयत्न झाले. 28 डिसेंबरला बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला. मी गेलो होतो. ओळखीचे चेहरे शोधत होतो, आपल्या गल्लीतले फार थोडे दिसले.

आणि तीन महिन्यांनी अर्धा मसला. 30 मार्च 2025, गुढीपाडव्याची पहाट, दुसऱ्या दिवशी ईद. गेवराई तालुक्यातल्या या गावात मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. कुणी जखमी झालं नाही, अल्लाहचे आभार. पोलिसांनी दोघांना पकडलं. पण त्या सकाळी आपण सगळे मोबाईल हातात घेऊन काय बघत होतो? कोण निषेध करतंय, कोण गप्प बसलंय. मराठा काय म्हणाले, वंजारी काय म्हणाले, दलित काय म्हणाले. कुणीतरी म्हणावं की हे आमचंही आहे, ही आपली अपेक्षा होती. अपेक्षा रास्त होती. पण आपण ते कधी कुणासाठी म्हटलं होतं, हे मी स्वतःला विचारलं, तेव्हा मला ती शटरची संध्याकाळ आठवली.

भिवंडीचं उदाहरण तुम्ही वाचलेलं असेल. 1970 आणि 1984 मध्ये तिथे मोठ्या दंगली झाल्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, त्यात हिंदू आणि मुसलमान, दोघेही. पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की या समित्या दंगल नसतानाही बसायच्या. शेजाऱ्यांची भांडणं, लहानसहान तक्रारी त्यांच्यासमोर यायच्या. त्यामुळे माणसं एकमेकांना नावानं ओळखू लागली. 1992-93 मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. आमची समिती सणाआधी तासभर बसते. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा मोबाईल नंबरही घेतला जात नाही.

आपल्या जिल्ह्यातही वेगळे दिवस होऊन गेलेत. 1967 मध्ये बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं. माणूस सांगलीकडचा, पक्ष कम्युनिस्ट. 1977 मध्ये गंगाधरअप्पा बुरांडे, तेही लाल बावट्याचे. तेव्हा जात नव्हती असं मी म्हणणार नाही, इतका भोळा नाही. पण मत मागताना जमीन, मजुरी, धान्य हे बोलावं लागत होतं.

2025 च्या सुरुवातीला इथल्या पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली गेली, फक्त नाव ठेवलं, म्हणजे जात कळू नये. चांगला विचार आहे. आपली मात्र पंचाईत, आपलं पहिलं नावच सगळं सांगून टाकतं! हसा, पण लक्षात घ्या. नाव लपवून आपल्याला या शहरात राहता येणार नाही. त्या नावाचा माणूस कुठल्या कामात दिसतो, एवढंच आपल्या हातात आहे.

गेल्या डिसेंबरात नगरपरिषदेची निवडणूक झाली. 2016 नंतर पहिल्यांदा! मुदत संपल्यावर कितीतरी काळ प्रशासक होता, पाच वर्षांची मुदत संविधानात लिहिलेली असूनही. सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं तेव्हा मतदान झालं. त्या काळात आपल्या प्रभागातला रस्ता कुणी मंजूर केला, बिल कुणाला गेलं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? प्रचारात मात्र प्रत्येक उमेदवार आपल्याकडे येऊन गेला.

विचारायला मोर्चा लागत नाही, गर्दी लागत नाही, पोलिसांची परवानगीही लागत नाही. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. माझी एकच अट आहे. अर्ज फक्त आपल्या गल्लीचा करू नका. नदीपलीकडच्या एखाद्या पोराला गाठा, मराठा असो, वंजारी असो, बौद्ध असो. त्याच्या गल्लीतही नळाला तेवढ्याच दिवसांनी पाणी येतं. दोघांनी मिळून दोन अर्ज टाका, एक त्याच्या प्रभागाचा, एक तुमच्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर दोघं मिळून अपिलाला जा. त्या चकरांमध्ये जी ओळख होईल, ती आमच्या चहा-बिस्किटात कधी झाली नाही.

अर्जाचे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच ठेवायचा आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचं. मराठीत लिहा. ज्यांना अडचण वाटते त्यांच्यासाठी मी मगरिबच्या नमाजपर्यंत इथेच बसलेला आहे.