बी-टूच्या पलीकडची जर्मन



पेणमध्ये जर्मन भाषेवर व्याख्यान ठेवावं, हे काही वर्षांपूर्वी कुणाला सुचलं नसतं. आज सुचलं, याचं कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे, असं ठरलं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कितीतरी कामांची नावं वर्तमानपत्रांत आली आणि घराघरांत विचारणा सुरू झाली. मुलगा आयटीआय झालाय, मुलगी नर्सिंगला आहे. जर्मन किती दिवसांत येईल?

मी जर्मन शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो आणि तो मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. ज्या घरात पोराच्या कमाईवर पुढचं सगळं अवलंबून आहे, तिथे हा प्रश्न पहिला यायलाच हवा. म्हणून आधी त्याचं उत्तर देते. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. परिचारिकेला तिकडे पूर्ण मान्यता हवी असेल तर साधारण बी-टूपर्यंत जावं लागतं. नेटाने, रोज बसून अभ्यास केला तर याला वर्ष-दीड वर्ष जातं. ‘तीन महिन्यांत जर्मन’ अशी पाटी कुठे दिसली, तर तिथे पैसे भरू नका.

आता ज्यासाठी मी आले ते सांगते. बी-टू म्हणजे उंबरठा. तिथपर्यंत पोचलेला माणूस डॉक्टरांचं बोलणं समजून घेतो, भाडेकरार वाचतो, सुटीचा अर्ज लिहितो. पण ज्या समाजात त्याला दहा-वीस वर्षं काढायची आहेत, तो समाज असा का वागतो, कशाची लाज बाळगतो, कशावर भांडतो, हे त्याला बी-टू शिकवत नाही. ते विद्यापीठातल्या अभ्यासात मिळतं. तिथे भाषेबरोबर साहित्य, इतिहास, विचार आणि अनुवाद शिकवतात. आपली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाची. त्या विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिन्याला आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये प्रमाणपत्रापासून एम. ए.पर्यंतची सोय आहे. पेणच्या मुलीने कालिन्याला जायचं म्हटलं तर आधी पनवेल गाठायचं, मग हार्बरने कुर्ला, तिथून पुढे बस किंवा रिक्षा. रोह्याच्या मुलीला त्याआधी दिवा गाडीचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. एवढ्या यातायातीतून ती विद्या घ्यायला जाते आणि घरचे विचारतात, ‘साहित्य शिकून काय करणार? बी-टू कर आणि सूट.’ या ‘सूट’शी माझं भांडण आहे.

रोहेकरांना एक आठवण देते. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत तुमच्यापैकी अनेकांच्या घरचं कुणी ना कुणी कामाला आहे. तिथल्या प्रयोगशाळेत बन्सन बर्नर असतो, लीबिग कंडेन्सर असतो, गाळायला बुकनर फनेल असतं, एर्लेनमायर फ्लास्क असतो. ही चारही जर्मन रसायनतज्ज्ञांची नावं. युस्टुस लीबिग यांनी गीसेन नावाच्या लहानशा गावात विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हाताने काम करायला लावून रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात केली आणि आज जगभर तसंच शिकवतात. कृत्रिम नीळ जर्मन कंपनीने १८९७ मध्ये बाजारात आणली आणि आपल्याकडची निळीची शेती बसली. सेंद्रिय रसायनांची माहिती देणारा बाइलश्टाइनचा प्रचंड कोश १९८०च्या दशकापर्यंत जर्मनमध्येच निघत होता, म्हणून एकेकाळी रसायनशास्त्राच्या संशोधकाला जर्मन शिकावीच लागे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर कर्वे रसायनशास्त्रासाठी जर्मनीतच गेले होते. धाटावला पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या मुलाने जर्मन शिकायला घेतली, तर तो परक्या मुलखात शिरत नाही. बापाच्या कामाचा इतिहास ज्या भाषेत लिहिला गेला, ती भाषा तो वाचायला शिकतो.

पण जर्मन आणि मराठी मुलुखाचं खरं नातं संस्कृतातून जुळलं, आणि ते दोन्ही बाजूंनी जुळलं.

कालिदासाचं ‘शाकुंतल’ जर्मनीत १७९१ मध्ये पोचलं ते इंग्रजीच्या वाटेने. विल्यम जोन्सने इंग्रजी केलं, त्यावरून गेओर्ग फोर्स्टरने जर्मन केलं. ग्योथे त्यावर लुब्ध झाला. नाटकाआधी सूत्रधार बोलतो ही आपली रीत त्याने ‘फाउस्ट’मध्ये घेतली, असं अभ्यासक मानतात. मात्र जर्मन लोक उसन्या भाषांतरावर थांबले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. १८१८ मध्ये बॉन विद्यापीठात संस्कृतचं अध्यासन निघालं. मुळातून वाचणारी पिढी तयार झाली आणि पुढे त्यातले काहीजण आपल्या दारी आले. मार्टिन हाउग पुण्यात आले, गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, तर फ्रान्त्स कीलहोर्न १८६६ मध्ये डेक्कन कॉलेजात. कीलहोर्न पुण्याच्या शास्त्र्यांपाशी बसून व्याकरण शिकले. प्राध्यापकाच्या हुद्द्यावरचा गोरा माणूस शास्त्रीबुवांपुढे पोथी घेऊन बसतो, हे त्या काळात साधं नव्हतं. त्यांनी पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती काढली, ती आजही प्रमाण मानतात. पुढे ते ग्योटिंगेनला गेले. त्याच ग्योटिंगेनने १८८५ मध्ये संस्कृतपंडित रा. गो. भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

मग उलटी वाट सुरू झाली. विष्णू सीताराम सुखटणकर आधी केंब्रिजला गणित शिकले आणि नंतर बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत. ल्यूडर्सनी १९०८ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा छोटा नमुना छापला होता. अनेक पोथ्या ताडून मूळ पाठ कसा ठरवायचा, याचा तो आराखडा होता. पहिलं महायुद्ध आलं आणि युरोपातलं ते काम थांबलं. १९१९ मध्ये भांडारकर संस्थेने ते पुण्यात हाती घेतलं आणि १९२५ मध्ये सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक झाले. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं, सगळी आवृत्ती १९६६ मध्ये. ज्या विद्यार्थ्याने बर्लिनला पाठचिकित्सा शिकली, त्याने गुरूच्या देशाला न साधलेलं काम पुण्यात उभं केलं. सुखटणकरांची जर्मन प्रवेशपरीक्षेपुरती असती, तर हे झालं असतं का?

२०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा जर्मन की संस्कृत, असा वाद पेटला आणि जर्मन बाजूला झाली. दोन्ही बाजूंचं मी वाचत होते आणि मन कष्टी होत होतं. ज्या दोन भाषांनी शंभर वर्षं एकमेकींना मोठं केलं, त्यांना समोरासमोर उभं केलं गेलं. रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजला मात्र ते निसर्गविज्ञानं शिकले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. तरी मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांच्या हातून झालाच. एक भाषा दुसरीची जागा खात नाही, याचं उदाहरण रोह्याच्या घरातलंच आहे.

संस्कृती शिकायची म्हणजे फक्त ग्योथे आणि बेटोव्हेन, असं समजू नका. १९२७-२८च्या सुमारास इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. हे फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते, पुढे नात्झी राजवटीला आपली विद्या पुरवणारे. इरावतीबाईंना विषय मिळाला कवट्यांच्या असमानतेचा: कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, त्याचा वंशाशी काही संबंध आहे का? त्यांनी एकेक कवटी हातात घेऊन मापं घेतली. गुरूंना अपेक्षित होतं त्याच्या उलट निघालं. ती असमानता वंशानुसार ठरते असं काही त्यांना दिसलं नाही आणि त्यांनी तसं जर्मनमध्ये लिहिलं. १९३१ मध्ये तो प्रबंध प्रसिद्ध झाला. परक्या देशात, परक्या भाषेत, डिग्री ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर एक मराठी बाई ‘मोजमाप असं सांगत नाही’ म्हणते. त्यासाठी धैर्य लागतंच. पण आपलं म्हणणं त्या विद्वानांच्या भाषेत बिनचूक मांडता यावं, इतकी भाषाही लागते. त्या नात्झी राजवटीचा विसर पडू नये म्हणून आजच्या जर्मनीत शाळकरी मुलांना छळछावण्या पाहायला नेतात, चौकाचौकांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांचे पितळी चौकोन फरशीत बसवलेले दिसतात. आपली मुलं त्या रस्त्यांवरून कामाला जाणार असतील, तर पायाखालच्या त्या नावांचा अर्थ त्यांना आधीच ठाऊक असावा.

अशी देवघेव घरांतूनही झाली. ज्ञानकोशकार केतकरांच्या पत्नी शीलावतीबाई माहेरच्या एडिथ कोन, जर्मन ज्यू घराण्यातल्या. विंटरनित्सचा भारतीय साहित्याचा इतिहास त्यांनी जर्मनमधून इंग्रजीत आणला.

रंगभूमीची गोष्ट मात्र वेगळी आहे. जर्मन नाटककार ब्रेख्त मराठीत आला तो खानोलकरांच्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’मधून, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘देवाजीनं करुणा केली’मधून, पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मधून. विजयाबाई मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्स बेनेविट्स यांच्याबरोबर काम केलं. हे सगळं मला अतिशय प्रिय आहे. तरी मनात येतं की जर्मन साहित्य आपल्याकडे बऱ्याचदा इंग्रजीचं बोट धरून आलं. जर्मनांनी १७९१ ते १८१८ या सत्तावीस वर्षांत उसनवारी सोडून मुळाकडे धाव घेतली. आपल्याला त्याहून कितीतरी जास्त वेळ मिळाला आहे.

माध्यमाबद्दलही बोलायला हवं. मराठी माध्यमाच्या मुलांना उगाच धास्ती असते की इंग्रजी कच्चं, तर जर्मन कशी जमणार? वर्गातला अनुभव उलट आहे. जर्मनमध्ये निर्जीव वस्तूंनाही तीन लिंगं असतात. इंग्रजी माध्यमाचं मूल तिथे अडखळतं. पेणच्या मुलाला ‘तो डबा, ती वाटी, ते ताट’ जन्मापासून येतं. चंद्र तिकडेही पुल्लिंगी आहे. सूर्य मात्र स्त्रीलिंगी, ‘डी झोने’. एका मुलीने वहीत सूर्याला कुंकू लावलेलं चित्र काढलं आणि तिचं ते लिंग पुन्हा कधी चुकलं नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्या वळणाचं. इंग्रजीवरून जर्मन शिकवण्याऐवजी मराठीवरून शिकवणारी पुस्तकं आणि शिक्षक आपल्याला हवेत.

आणि भाषा नोकरीसाठीच शिकतात, असंही नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भाषा शिकण्यात उभा जन्म रमले. वडिलांच्या इच्छेने शाळेत फ्रेंच घेतली, आणि भूदानाच्या पदयात्रेत सोबत चालणाऱ्या एका जर्मन मुलीकडून जर्मन शिकले. त्यांना ना व्हिसा काढायचा होता, ना नोकरी हवी होती. रोजची चाल, सभा, गावकऱ्यांच्या भेटी, जमिनीची दानपत्रं, या सगळ्यांतून वेळ काढून उतारवयात ते नवी भाषा शिकत होते.

जर्मनीत विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. २०२३-२४ मध्ये ती सुमारे ४९ हजार होती. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. पण आपल्याशी करार झालेलं बाडेन-वुर्टेम्बर्गच त्याला अपवाद आहे. तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम बँकेत अडकवून ठेवावी लागते. २०२४ अखेरीस ती ११,९०४ युरो होती. जमीन गहाण टाकण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा.

आणि शेवटची मागणी, इथे बसलेल्या संस्थाचालकांकडे. पेण आणि रोहा, दोन्ही ठिकाणी महाविद्यालयं आहेत, ग्रंथालयं आहेत, संध्याकाळी रिकाम्या खोल्या आहेत. करार-बिरार होतील, मोडतील, नवे होतील. त्यांच्या भरवशावर राहू नका. जूनपासून आठवड्यातून तीन संध्याकाळी ए-वनचा वर्ग सुरू करा. नर्सिंगची मुलगी, आयटीआयचा मुलगा आणि बी. ए. करणारी मुलगी एकाच बाकावर बसू देत. त्याच खोलीत शनिवारी दोन तास जर्मन इतिहास आणि साहित्य मराठीतून सांगा, शुल्क न घेता, गावातल्या कुणालाही. पहिल्या वर्षाचे शनिवार मी घेईन, पेणला एक आणि रोह्याला एक, आलटून पालटून. खोली कुणाची, एवढं आज इथून उठण्यापूर्वी ठरवू या.