नवशिक्षकाची उमेद कशी जाणावी?



नवशिक्षकाच्या बुद्धीची परीक्षा नेमणुकीपूर्वीच होते. २०१७ साली राज्यात प्रथम घेतली गेलेली शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०० गुणांची आहे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यातील एखाद्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झाल्यावर त्याची उमेद किती टिकेल, हे त्या गुणांवरून कळत नाही. ते तीन प्रश्नांनी जाणता येते.

पहिला प्रश्न प्रेरणेचा. हा व्यवसाय त्याने मुलांच्या ओढीने पत्करला, स्थैर्यासाठी, की दुसरा मार्ग नव्हता म्हणून? यांपैकी कोणतेही उत्तर लज्जास्पद नव्हे. पोटासाठी आलेला मनुष्यही पुढे उत्तम गुरुजी होतो.

दुसरा आत्मविश्वासाचा. तो मोघमपणे विचारल्यास ‘उत्तम आहे’ एवढेच उत्तर मिळते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात तयार होऊन २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मापिकेत मुलांना अभ्यासात गुंतविणे, अध्यापनाच्या रीती योजणे व वर्ग सांभाळणे या तीन अंगांनी प्रश्न असून उत्तरे १ ते ९ या श्रेणीत घेतली जातात. आपल्याकडे असे विचारावे: चौथीला उदाहरणे देऊन त्याच वेळी पहिलीला वाचन शिकविणे कितपत जमते? पहिल्या वर्षी आकडा घसरला तर तो दोष मानू नये. वर्गाची खरी ओळख झाल्याचेही ते चिन्ह असते.

तिसरा आकांक्षेचा. दहा वर्षांनी तो कोठे असू इच्छितो: याच शाळेत, केंद्रप्रमुखपदी, की स्वजिल्ह्यात? घराची ओढ म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. २००० साली सुरू झालेल्या शिक्षण सेवक योजनेत पहिली तीन वर्षे मानधनावर जातात. प्राथमिक स्तरावर ते २०२३ साली दरमहा १६,००० रुपये झाले. काम समाधानकारक ठरल्यावरच नियमित वेतनश्रेणी मिळते. ज्याच्या हाती ही शिफारस, त्यालाच आपली उणीव लिहून देणारा विरळा! म्हणून ही उत्तरे सेवाविषयक अहवालास कदापि जोडू नयेत. शेजारच्या शाळेतील अनुभवी शिक्षकाने ती रुजू होताना, वर्षअखेरीस व तिसऱ्या वर्षी विचारावीत आणि स्वतःजवळच ठेवावीत.

आकडा खाली दिसला, तर शेरा न लिहिता त्या वर्गात जाऊन एक पाठ घेऊन दाखवावा. विचारणा पारखण्यासाठी नसून साह्यासाठी आहे, अशी खात्री पटेल तेव्हाच नवशिक्षक मनातले बोलेल.